वडिलांसोबत ॲरिझोनात पक्षी बघायला: आठ दिवस पुरतील का?

शेकाट्या | ११ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. एप्रिलअखेर आई-बाबा येतायत. आई बहिणीकडे न्यू जर्सीतच राहणार, तिला "ते काटे आणि ते ऊन" नकोय. त्यामुळे मी आणि बाबा दोघंच, मेच्या पहिल्या आठवड्यात आठ दिवस.

बाबा ७१ वर्षांचे. पाटबंधारे खात्यात होते. नोकरीतली बरीच वर्षं जायकवाडीला काढली, तिथेच पक्ष्यांचा नाद लागला. त्यामुळे रोहित, चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, जे काही ओळखीचं ते सगळं पाण्यावरचं. (माझं इथलं नाव त्यांनीच ठेवलंय. आठवीत माझे पाय फार लांब होते.) मी डॅलसला आल्यापासून दर फोनवर एक प्रश्न ठरलेला: तुमच्या त्या वाळवंटात पाणीच नाही, तर पक्षी खातात काय? म्हटलं, एकदाचं दाखवूनच टाकू.

आणखी एक जुनं दुखणं आहे. सह्याद्रीत त्यांना मलबार ट्रोगन आयुष्यात एकदाच दिसला, आणि तोही पाठमोरा. पाच मिनिटं बसला आणि तसाच उडून गेला. लाल पोट काही दिसलं नाही. "त्याचं माझ्याकडे देणं आहे," म्हणतात. दक्षिण ॲरिझोनात एलिगंट ट्रोगन असतो असं वाचलं, म्हणून हा सगळा खटाटोप.

आत्ताचा बेत असा: लास व्हेगासला उतरायचं, मग झायन, ब्राइस, अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन, तिथून खाली टूसॉन, मग पोर्टल, परत. नकाशा सतराशे मैलांच्या आसपास दाखवतोय.

प्रश्न:
हे जास्त होतंय का?
बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, चढ नको. जमेल?
ट्रोगनचा आवाज मोबाइलवर वाजवला तर तो जवळ येतो म्हणे. वाजवावा का?

उत्तरांसाठी आधीच धन्यवाद.

निवडुंगकाकू | ११ फेब्रुवारी

शेकाट्या, बेत वाचला. हा पक्षी बघायचा बेत नाही, ट्रक चालवायचा आहे. आठ दिवसांत तुझ्या बाबांना गाडीच्या काचेतून टर्की व्हल्चर दिसतील, आणि ते तर त्यांना विमानतळाच्या पार्किंगमध्येही दिसतील.

मी टूसॉनला चौदा वर्षं आहे. पहिली दोन वर्षं मीही अशीच फिरले, म्हणून हक्काने बोलते. इकडे आडवं फिरायचं नसतं, उभं फिरायचं.

म्हणजे काय ते सांगते. टूसॉन २,४०० फुटांवर आहे. शहराच्या उत्तरेला माउंट लेमन, ९,१५७ फूट. सत्तावीस मैलांचा पक्का डांबरी रस्ता. खाली सग्वारो (खांबासारखे उंच निवडुंग), मग गवत, मग ओक, मग पाइन, आणि वर चक्क फर. तासाभरात मेक्सिकोच्या वाळवंटातून कॅनडाच्या जंगलात गेल्यासारखं होतं. दर हजार फुटांना झाडं बदलतात आणि झाडांबरोबर पक्षी बदलतात. खाली कॅक्टस रेन, वर रेड-फेस्ड वॉर्बलर. असे डोंगर इथे अनेक आहेत, आणि मधे पसरलेलं वाळवंट जणू समुद्र, म्हणून यांना स्काय आयलंड्स म्हणतात. उत्तरेकडून रॉकी पर्वतातलं, दक्षिणेकडून सिएरा माद्रेतलं, पूर्वेकडून चिवावा वाळवंटातलं आणि पश्चिमेकडून सोनोरा वाळवंटातलं, असं सगळं इथे एकमेकांना भेटतं. ट्रोगन हा मूळ मेक्सिकोकडचा पक्षी, याच दऱ्यांमधून तो इथवर चढून येतो.

तेव्हा उत्तरेकडचं सगळं काट. थेट टूसॉनला उतर.

पहिले तीन दिवस टूसॉन. सग्वारो नॅशनल पार्कचे दोन तुकडे आहेत, शहराच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. कुठल्याही एकात उजाडायच्या आत पोचा. मेमध्ये सग्वारोला फुलं असतात, पांढरी, मेणासारखी, थेट डोक्यावर गुच्छ. रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतात. रात्री वटवाघळं येतात, सकाळी व्हाइट-विंग्ड डव्ह त्यात मान घालून बसतात आणि तोंड पिवळं करून बाहेर येतात. "खातात काय" याचं अर्धं उत्तर इथेच मिळेल.

उरलेलं अर्धं भोकांमध्ये आहे. गिला वुडपेकर, म्हणजे इथला सुतार, सग्वारोत भोक पाडतो पण लगेच राहायला जात नाही. झाडाचा चीक आतून वाळून टणक व्हायला काही महिने जाऊ देतो. मग मडक्यासारखी कडक खोली तयार होते, बाहेरच्या उन्हापेक्षा थंड. सुताराने सोडली की भाडेकरूंची रांग लागते. त्यातला सगळ्यात गोड एल्फ आउल, जगातलं सगळ्यात हलकं घुबड. चाळीस ग्रॅम, म्हणजे एक लिंबू. सग्वारो मरून सडला तरी ही मडकी तशीच शिल्लक राहतात. मला एक वाटेत पडलेलं मिळालं होतं. हातात घेतलं तर आतून गुळगुळीत आणि बाहेरून नारळाच्या करवंटीसारखं खरबरीत. होतं तिथेच परत ठेवून आले, पार्कातून काहीही उचलायचं नसतं.

हॅरिस हॉक बघ. हे ससाणे टोळीने शिकार करतात, आणि सग्वारोच्या टोकावर जागा नसली तर एकाच्या पाठीवर दुसरा उभा राहतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं दुर्बीण बिघडली.

फेनोपेप्ला नावाचा काळाभोर, तुरेवाला, लाल डोळ्यांचा पक्षी मेस्कीटच्या झाडावर दिसेल. हा बांडगुळाच्या फळांवर जगतो. आपल्याकडे फुलटोचा जे काम करतो तेच हा इथे करतो: फळ खा, बी फांदीवर टाक, पुढचं बांडगूळ लाव. बाबांना हे सांगायची गरजच पडणार नाही.

रोडरनर दिसेलच. तो कोकिळेच्या कुळातला, म्हणजे भारद्वाजाचा नातेवाईक. चाल बघा, लगेच पटेल. सकाळी उन्हाकडे पाठ करून पाठीची पिसं उभी करतो, खालची काळी कातडी तापवतो आणि मगच दिवस सुरू करतो. थंडीत मीही तेच करते.

बाबा पाटबंधारेवाले आहेत ना? मग स्वीटवॉटर वेटलँड्स चुकवू नकोस. शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून, ते पाणी तळ्यांमधून फिरवून जमिनीत मुरवतात, आणि त्यावर पाणथळ उभी राहिलीय. सपाट वाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. सोमवारी सकाळी डासांसाठी फवारणी असते तेव्हा बंद ठेवतात.

पुढचे दोन दिवस मडेरा कॅन्यन. टूसॉनहून तासभर. सांता रीटा डोंगरात. खालच्या भागात पक्की सपाट वाट आहे. वर लॉजच्या समोर फीडर टांगलेत आणि बाकं आहेत. बाबांना बाकावर बसव आणि गप्प बस. हमिंगबर्ड, ॲरिझोना वुडपेकर (याची पाठ तपकिरी असते), मेक्सिकन जे, एकॉर्न वुडपेकर, सगळे समोर येतात. रानटर्कीही येतात, त्या फीडरखाली सांडलेलं खातात. संध्याकाळी एल्फ आउल. तिथल्या एका विजेच्या खांबाच्या भोकात त्याचं घरटं बऱ्याच वर्षी असतं, आणि अंधार पडताना माणसं खुर्च्या टाकून खांबाकडे बघत बसतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल वीज गेलीय.

मधे एक सकाळ पॅटागोनिया गावात घाल. तिथे पॅटन नावाच्या जोडप्याने आपल्या परसात फीडर लावले होते आणि येईल त्याला फाटक उघडं ठेवलं होतं. ते दोघे गेले, जागा पक्षीसंस्थेकडे आली, फाटक अजून उघडंच आहे. व्हायोलेट-क्राउन्ड हमिंगबर्ड बघायला सगळे तिथेच जातात: पांढरं शुभ्र पोट, लाल चोच, जांभळा माथा.

शेवटचे तीन दिवस पोर्टल. चिरिकावा डोंगर, केव्ह क्रीक कॅन्यन. इथे घाई करू नकोस. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचं संशोधन केंद्र १९५५ पासून याच दरीत आहे, ते उगीच नाही. केशरी-गुलाबी कडे, खाली ओढा, ओढ्याच्या काठाने पांढऱ्या खोडांची सिकॅमोर. ट्रोगन सिकॅमोरच्या ढोलीत घरटं करतो. राहायच्या खोल्या मोजक्या आहेत, आजच्या आज फोन कर. येताना विलकॉक्सला गाडीची टाकी भर आणि गावाबाहेरच्या लेक कोचीजवर दहा मिनिटं थांब. का, ते सांगत नाही.

आता आवाजाचं. नाही. नाही म्हणजे नाही. केव्ह क्रीकच्या साउथ फोर्क दरीत रेकॉर्डिंग वाजवायला बंदी आहे, नॅशनल पार्कमध्येही आहे. बंदी नसती तरी वाजवू नये. मेमध्ये तो जोडी जमवत असतो किंवा अंड्यांवर असतो. तू वाजवलंस की त्याला वाटतं परका नर घुसला, मग तो सगळं सोडून भांडायला येतो. अख्ख्या राज्यात थोड्याच जोड्या, आणि येणारा प्रत्येक जण मोबाइल काढून उभा. मोबाइलवर मर्लिन टाक, आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप, त्याचं स्थानिक पॅक आधी उतरवून घे, दरीत रेंज नसते. त्याला फक्त ऐकू दे, बोलू देऊ नकोस. ट्रोगनचा आवाज मात्र कानात ठेव: घोगरा, कुत्र्याचं पिल्लू लांबून भुंकतंय तसा, एकसारखा.

टूसॉनला पारा तेव्हा ३३ ते ३८ सेल्सियस, दऱ्यांमध्ये बराच कमी. घाम इतक्या लवकर उडतो की येतोय हेच कळत नाही, म्हणून तहान लागायच्या आधी प्या. माणशी दिवसाला चार लिटर गाडीत. आणि एक कंगवा घेऊन ये, मोठ्या दातांचा. का, ते चोया निवडुंगाजवळ गेलास की कळेल.

गिधाडप्रेमी | १२ फेब्रुवारी

काकूंना अनुमोदन, फक्त एका गोष्टीला नाही. "उत्तरेकडचं सगळं काट" हे अन्यायाचं आहे. झायन, ब्राइस काटा. नवाहो ब्रिज काटू नका.

मार्बल कॅन्यनला कोलोराडो नदीवर शेजारी शेजारी दोन पूल आहेत. १९२९ चा जुना आता फक्त चालणाऱ्यांसाठी, १९९५ चा नवीन गाड्यांसाठी. नदी ४६७ फूट खाली. त्या पुलाच्या लोखंडी कमानींवर कॅलिफोर्निया कॉन्डॉर येऊन बसतात. पंखांचा पसारा साडेनऊ फूट. बाकी सगळीकडे गिधाड बघायचं तर मान वर करून, आभाळातला ठिपका. इथे तो तुमच्या पायाखालून जातो. वरून त्याची पाठ दिसते, पंखावरच्या बिल्ल्याचा नंबर वाचता येतो, आणि जवळून गेला तर पिसांतून वारा कापल्याचा आवाज ऐकू येतो. मी वहीत नंबर टिपून आणला आणि घरी येऊन तो पक्षी कधी जन्मला ते शोधून काढलं.

१९८२ मध्ये जगात २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पकडून आणला, पिंजऱ्यात पैदास केली, आणि १९९६ मध्ये या पुलाजवळच्याच व्हर्मिलियन क्लिफ्सवरून ॲरिझोनात पुन्हा सोडायला सुरुवात केली. आता रानातले आणि पिंजऱ्यातले मिळून पाचशेच्या वर. पण मादी दोन वर्षांत एक अंडं घालते, आणि शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरात शिशाचे कण राहिले की ते खाऊन मरतात. २०२३ मध्ये बर्ड फ्लूने इथल्या कळपातले २१ गेले. आपल्याकडे जनावरांना देत त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं गेली, २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं. बाबांच्या पिढीने ते डोळ्यांदेखत बघितलंय. त्यांना हे परत आलेलं गिधाड दाखवावं असं मला फार वाटतं.

शिवाय तिथून पुढे पेजला ग्लेन कॅन्यन धरण. ७१० फूट उंच. पाटबंधारेवाल्या माणसाला हे न दाखवता परत पाठवणार?

निवडुंगकाकू | १२ फेब्रुवारी

गिधाडप्रेमी, कॉन्डॉरबद्दल एक शब्द वावगा नाही. पण टूसॉनहून पूल पावणेचारशे मैल, जायला सहा तास, यायला सहा. बाबांच्या गुडघ्याला विचारा. आणि कॉन्डॉर पुलावर असेलच असं नाही, त्या दिवशी तो यूटामध्ये फिरत असला तर? धरण जागेवर असेल, हे मान्य.

कागदोपत्री | १३ फेब्रुवारी

पक्ष्यांतलं कळत नाही, पण एक महत्त्वाचं कुणी लिहिलं नाही. हा सगळा भाग मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. पॅटागोनिया, सिएरा व्हिस्टाकडून उत्तरेला परत येताना हायवेवर बॉर्डर पेट्रोलचे चेकपोस्ट लागतात. सीमा ओलांडलेली नसली तरी थांबवतात, नागरिकत्व विचारतात. बाबांचा मूळ पासपोर्ट आणि आय-९४ चा (अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा) प्रिंट गाडीत हाताशी ठेवा, सुटकेसच्या तळाशी नको. तुम्ही एच-१ वर असाल तर तुमचेही. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने कागद जवळ बाळगायचा हा इथला कायदाच आहे. एका मिनिटाचं काम असतं, पण कागद हॉटेलवर असला तर ते मिनिट फार लांबतं. आणि बाबांना आधीच सांगून ठेवा की तिथे दुर्बीण लावून बघायचं नाही.

बटाटेवडा_विदाउट_पाव | १३ फेब्रुवारी

वाचनखूण साठवली. आम्ही ऑगस्टमध्ये जाऊ का? शाळेची सुट्टी तेव्हाच आहे.

निवडुंगकाकू | १४ फेब्रुवारी

जा की. जुलै ते मध्य सप्टेंबर इथला पावसाळा, इथेही मॉन्सूनच म्हणतात. आपला मॉन्सून दिवस दिवस बसतो, हा दुपारी येतो, तासभर धिंगाणा घालतो आणि जातो. डोंगर हिरवे होतात, आणि हमिंगबर्डांच्या जातींसाठी ऑगस्टसारखा महिना नाही. पण ट्रोगन तेव्हा गप्प असतो. आणि ओढा वाहत असला तर गाडी घालू नका. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली कोरड्या पात्रात भिंतीसारखा येतो. अडथळे लावलेल्या रस्त्यावर गाडी घालून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करतात. कायद्याला लोक काय म्हणतात माहितीय? स्टुपिड मोटरिस्ट लॉ.

शेकाट्या | १९ मे

मंडळी, जाऊन आलो. काकूंचा बेत जवळपास जसाच्या तसा केला. गिधाडप्रेमी, तुमचा परिच्छेद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुढच्या खेपेला फक्त तिकडे." म्हणजे पुढची खेप आहे, ही माझ्यासाठी बातमी होती.

पहिल्याच दिवशी माझा गाढवपणा. सग्वारोत कॅक्टस रेनचं घरटं दिसलं, चोयाच्या मधोमध, गवताचा आडवा पडलेला मडका असावा तसं. रेन वर बसून ओरडत होता. तो आवाज म्हणजे थंडीत स्कूटरला किक मारतोय आणि ती काही सुरू होत नाही. फोटोसाठी एक पाऊल मागे सरकलो आणि पोटरीला चोयाचा गोळा चिकटला. अंडंभर असेल. मी तो हाताने काढायला गेलो. काकू, तुम्ही कंगवा सांगितला होता, मी विसरलो होतो. आता एक गोळा पोटरीत आणि बोटंही त्यालाच. बाबांनी एक अक्षर न बोलता शर्टाच्या खिशातून आपला काळा कंगवा काढला, तो गेली चाळीस वर्षं त्याच खिशात असतो, गोळ्याच्या खाली सरकवला आणि झटका दिला. गोळा दहा फुटांवर. उरलेले काटे खोलीवर चिमट्याने काढले. एकेका काट्याला उलटे दात असतात, निघताना कातडी तंबूसारखी वर येते. नंतर बाबांनी कंगवा धुतला आणि त्याच कंगव्याने भांग पाडला.

स्वीटवॉटरला दोन तास ठरवले होते, साडेचार तास झाले. पक्षी त्यांनी अर्ध्या तासात बघून घेतले. बाकीचा वेळ पाणी कुठून येतं, मुरायला किती दिवस लागतात, गेट कोण उघडतं, हे तिथल्या एका स्वयंसेवकाला विचारण्यात गेला. तो बिचारा बदकांची माहिती द्यायला उभा होता.

मडेराचं घुबड दिसलं. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली आणि खांबाच्या भोकात एक चेहरा आला. भोक चेहऱ्याने बरोबर भरलं, जणू कुणी झाकण लावलंय. पांढऱ्या भुवया, पिवळे डोळे. खुर्च्यांवर पंचवीसेक माणसं, एक जण खोकला तर सगळ्यांनी वळून बघितलं. मग ते बाहेर पडलं. उडाल्याचं कळलंच नाही, फक्त भोक रिकामं झालं.

विलकॉक्सला का थांबायचं ते समजलं. तळ्यात ब्लॅक-नेक्ड स्टिल्ट, म्हणजे इथला शेकाट्या, तेच लांब गुलाबी पाय. बाबांनी दुर्बीण खाली न करता म्हटलं, "ये, तुझे भाऊबंद आलेत."

आता पोर्टल. तिघाचौघांनी इतकं सगळं सांगितलंत, पण एक सांगितलं नाहीत. पोर्टल न्यू मेक्सिकोच्या सीमेला चिकटून आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, न्यू मेक्सिको करतं. रात्री खोलीत माझ्या मोबाइलने पलीकडचा टॉवर धरला आणि एक तास पुढे उडी मारली. साडेचारचा गजर खऱ्या साडेतीनला वाजला. बाबा उठले, त्यांच्या मनगटावरच्या एचएमटीत बघून म्हणाले, "साडेतीन झालेत." मी म्हटलं, तुमचं घड्याळ मागे पडलंय. एचएमटीवर संशय घेतला याची परतफेड मी अजून करतोय.

तर साउथ फोर्कला पोचलो तेव्हा काळोख. गाडीतच बसणार होतो, पण बाबा काठी घेऊन उतरले. ओढ्याचा बारीक आवाज, आणि दोन्ही काठांवरून मेक्सिकन व्हिप-पुअर-विल. आपल्या रातव्याचा भाऊ, एकच बोल घोटत बसतो. चांगली चाळीस मिनिटं आम्ही एका खडकाला टेकून ते ऐकलं. मग वर कड्याची कडा करडी झाली आणि कॅन्यन रेनने सुरुवात केली. वरून शीळ सुरू होते आणि पायऱ्या उतरत उतरत खाली येते, शेवटच्या पायरीला दम लागतो. त्यानंतर सगळेच. मर्लिनच्या पडद्यावर नावांची नुसती झुंबड. बाबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "बंद कर, नावं नंतर."

ते पिल्लाचं भुंकणं त्यांनीच आधी ऐकलं. मला ते खरोखरचं कुत्रं वाटलं. ते सिकॅमोरकडे बघत उभे राहिले, मीही बघतोय, मला काही दिसेना. "डावीकडची फांदी. खोडापासून दोन हात." पानांत पान. हिरवी पाठ, लांब शेपूट. पाठमोरा.

मी बाबांकडे बघितलं नाही. धीर झाला नाही.

तो हलेना. ट्रोगन बसला की बसतो हे माहीत होतं, पण इतका? दोन मिनिटं, तीन मिनिटं. बाबांची दुर्बीण थरथरायला लागली, हात दुखत असणार. मी त्यांच्या कोपराखाली हात दिला. तेवढ्यात त्याने फक्त मान फिरवली, पूर्ण मागे. पिवळी चोच, डोळ्याभोवती केशरी कडं. आमच्याकडे बघितलं, आमच्यात काही दम नाही असं ठरवलं बहुतेक, आणि मग फांदीवरच टुणकन उडी मारून उलटा फिरला.

काळसर हिरवी छाती, खाली पांढरा पट्टा, आणि त्याखाली ते लाल. कडा अजून सावलीत होता, ऊन पोचलं नव्हतं, तरी ते लाल तिथे होतं.

बाबा म्हणाले, "हां."

फोटो आहे, पण माझ्या हातातला कॅमेरा तेव्हा बाबांच्या कोपराबरोबर हलत होता, त्यामुळे हिरव्यात एक तांबडा डाग इतकंच आलंय. टाकत नाही.

खोलीवर येऊन त्यांनी वही काढली. तारीख, जागा, झाड, नर, पक्षी समोरून दिसला ("समोरून"खाली दोन रेघा). वेळेपाशी अडले. एचएमटीप्रमाणे ५:४०, माझ्या मोबाइलप्रमाणे ६:४०. मी म्हटलं ॲरिझोनाची वेळ लिहा, पक्षी ॲरिझोनात होता. ते म्हणाले, पक्षी मेक्सिकोचा आहे. रकाना अजून कोरा आहे.

काकू, लेक कोचीजची आधी वाच्यता न केल्याबद्दल बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. कंगव्याबद्दलही.

निवडुंगकाकू | १९ मे

५:४०. पोर्टलच्या टॉवरबद्दल सांगायचं राहिलं, खरंच चूक माझी. पण सांगितलं असतं तर तुम्ही तासभर उशिरा पोचला असता.

गिधाडप्रेमी | २० मे

नवाहो ब्रिजसाठी मार्च बघा. आणि बाबांना सांगा, तिथेही मोबाइलचं घड्याळ बोंबलतं. पूल ओलांडला की नवाहो नेशन, तिथे तास पुढे करतात.

शेकाट्या | २० मे

सांगितलं. "पुलाच्या मधोमध उभा राहीन," म्हणाले.